पडद्यावरचा एक्स-रे: डिजिटलनं रेडिओलॉजिस्टला नेमकं काय दिलं?

डोक्याला मार लागलेल्या एका पेशंटचा सीटी स्कॅन माझ्यासमोर उघडलाय. वेळ रात्रीची. मेंदू नीट दिसतोय, मध्यरेषा जागेवर आहे, आतल्या पोकळ्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत. पहिल्या नजरेत सगळं ठीक. मग मी माउसचं बटण दाबून धरते आणि हात जरासा सरकवते. कवटी पांढरीच राहते, पण तिच्या आतल्या कडेला चिकटलेला थोडासा पांढरेपणा हळूहळू करडा होत जातो आणि कवटीपासून सुटा दिसायला लागतो. एक पातळ पट्टी. रक्त. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये साचलेलं. मघाशीही ते तिथंच होतं, पण हाडही पांढरं आणि रक्तही पांढरं, त्यामुळे नजरेतून निसटत होतं.

यासाठी नवा स्कॅन करावा लागला नाही. पेशंटला पुन्हा टेबलावर झोपवावं लागलं नाही. आधीच हातात असलेल्या माहितीला मी फक्त दुसरा प्रश्न विचारला.

डिजिटल इमेजिंगचे फायदे सांगताना वेळ वाचतो, जागा वाचते, फिल्मचा खर्च वाचतो असं नेहमी म्हटलं जातं. खोटं नाही, पण हे फायदे हॉस्पिटलचा हिशेब ठेवणाऱ्याला जास्त सुखावतात. माझ्यासारख्या, दिवसभर चित्रं वाचून रिपोर्ट लिहिणाऱ्या माणसाला मिळालेली खरी गोष्ट वेगळी आहे: चित्र घेणं आणि चित्र बघणं या दोन कामांची फारकत झाली. फिल्मवर ती दोन्ही एकमेकांना बांधलेली होती. बाकीचे बहुतेक फायदे या एका फारकतीतून निघतात. आणि काही नव्या भानगडीसुद्धा.

उमटलं ते उमटलं

विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्ग इथं क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच डिसेंबरात त्यांनी बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, तेव्हा ते फोटोच्या प्लेटवर उमटलं होतं. पुढं प्लेटची जागा फिल्मनं घेतली, तरी तत्त्व तेच राहिलं. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. त्यांच्यावर प्रकाश किंवा किरण पडले की रासायनिक प्रक्रियेनंतर तिथं काळी चांदी उरते. जिथून किरण आरपार गेले तो भाग काळा, जिथं हाडानं अडवले तो पांढरा.

मी शिकत होते तेव्हा डार्करूम अजून चालू होती. लालसर मिणमिणता दिवा, अंधारात चाचपडत उघडलेली कॅसेट, फ्रेमला अडकवलेली फिल्म, मग डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी. घाई असेल तर निथळणारी फिल्म तशीच बाहेर आणून व्ह्यूबॉक्सवर, म्हणजे आत दिवा असलेल्या पेटीवर धरायची. अशा ओल्या फिल्मवरून दिलेल्या तोंडी मताला 'वेट रीड' म्हणत. फिल्म गेली, ओल गेली, पण घाईतल्या प्राथमिक मताला अजूनही बरेच जण वेट रीडच म्हणतात.

फिल्मची खरी अडचण मात्र ओल्या हातांची नव्हती. एक्सपोजर देण्याच्या त्या क्षणी सगळं कायमचं ठरून जायचं. छातीचा एक्स-रे घ्या. फुप्फुसांत हवा असते, त्यामुळे किरण सहज पार होतात. हृदयामागचा आणि मणक्यालगतचा भाग दाट असतो. फुप्फुसं छान दिसतील एवढे किरण दिले तर हृदयामागे नुसता पांढराफटक पडदा. तिथलं दिसावं म्हणून किरण वाढवले तर फुप्फुसं काळी ठिक्कर. कारण फिल्मची करड्या रंगांची झेप मर्यादित असते. एका टोकाला सगळं पांढरं, दुसऱ्या टोकाला सगळं काळं, आणि मधल्या छोट्या पट्ट्यातच बारकावे. फार काळी झालेली फिल्म प्रखर दिव्यासमोर धरून थोडंफार वाचवता यायचं. पांढऱ्या पडलेल्या भागाला मात्र इलाज नव्हता. तिथं माहिती उमटलेलीच नसायची. पुन्हा काढा.

चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

डिजिटल चित्र हे मुळात चित्र नसतं, आकड्यांचा तक्ता असतो. पडद्यावर दिसतो तो त्या तक्त्याचा एक अवतार. ही गोष्ट एकदा पटली की बाकीचं समजायला सोपं जातं.

सीटी स्कॅन तर जन्मापासूनच डिजिटल आहे, कारण संगणकाशिवाय तो होऊच शकत नाही. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी बनवलेल्या यंत्रावर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये झाला. त्या चित्रात ८० गुणिले ८० म्हणजे ६,४०० चौकोन होते. आज सीटीच्या एका स्लाइसमध्ये, म्हणजे शरीराच्या एका आडव्या छेदाच्या चित्रात, साधारणपणे ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांहून जास्त चौकोन असतात. हाउन्सफील्ड आणि सीटीमागचं गणित मांडणारे अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ साली नोबेल मिळालं आणि सीटीच्या मोजमापाच्या एककाला हाउन्सफील्ड यांचं नाव चिकटलं.

प्रत्येक चौकोनात एक आकडा असतो: त्या जागेनं किरण किती अडवले याचा. पाण्याला शून्य, हवेला उणे १,०००. चरबी उणे १०० च्या आसपास, मेंदू ३० ते ४०, ताजं गोठलेलं रक्त साधारण ५० ते ७०, टणक हाड कित्येक शे ते हजाराच्या वर. यंत्र असे साधारण ४,०९६ वेगवेगळे आकडे साठवतं. माणसाच्या डोळ्याला एका वेळी एवढ्या करड्या छटा ओळखता येणं शक्यच नाही. म्हणून आपण म्हणतो, सगळे आकडे एकदम नकोत, मला हवा तेवढाच पट्टा दाखव. त्या पट्ट्याला 'विंडो' म्हणतात.

आता सुरुवातीच्या स्कॅनकडे परत येऊ. मेंदू बघायची नेहमीची विंडो शून्य ते ८० असते. शून्याखालचं सगळं काळं, ८० च्या वरचं सगळं पांढरं. रक्ताचा आकडा ७० असेल तर ते या विंडोत जवळजवळ पांढरंच दिसणार, आणि शेजारचं हाड तर पांढरं आहेच. दोघांत फक्त पातळ पट्टीएवढं अंतर असेल तर ते एकजीव होऊन जातात. मी विंडो उणे २० ते १८० अशी पसरवली. आता ७० चा आकडा पट्ट्याच्या साधारण मध्यावर आला, म्हणून रक्त करडं झालं. हाड १८० च्या कितीतरी वर असल्यामुळे पांढरंच राहिलं. मेंदूचा आकडा रक्तापेक्षा कमी, म्हणून तो त्याहून गडद. तिघं तीन रंगांत वेगळे झाले. जादू काही नाही, शाळेतलं प्रमाणाचं गणित आहे.

उलटंही करता येतं. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत रक्तपुरवठा तुटलेल्या भागाचा आकडा अगदी थोडा उतरतो, काही एककांचाच फरक. तेव्हा विंडो आवळून ४० एककांची केली की तो फरक ठळक होतो. त्याच स्कॅनमध्ये कवटीला चीर आहे का बघायचं तर हाडाची रुंद विंडो, आणि छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांसाठी आणखी वेगळी. स्कॅन एकच, प्रश्न चार. शिकाऊ डॉक्टरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते: रिपोर्ट लिहिण्याआधी सगळ्या विंडोंतून डोकावून या, एका खिडकीतून घर कळत नाही.

साधा एक्स-रे डिजिटल व्हायला जास्त वेळ लागला. आधी फिल्मच्या जागी फॉस्फरची प्लेट आली. ती किरणांची ऊर्जा साठवून ठेवते, आणि वाचकयंत्रात तिच्यावर लाल लेझर फिरवला की निळसर प्रकाश सोडते. तो मोजून आकडे बनतात. मग सपाट डिटेक्टर आले. त्यांत सीझियम आयोडाइडचे सुईसारखे स्फटिक किरणांचं प्रकाशात रूपांतर करतात आणि खालचा सिलिकॉनचा थर त्याचे विद्युत संकेत बनवतो. चित्र काही सेकंदांत समोर. पेशंट अजून उभाच असतो तोवर टेक्निशियनला कळतं की श्वास सुटला होता का, खांद्याचा काही भाग कापला गेला का. यात मोठं शास्त्र नाही, पण कपडे घालून घरी गेलेल्या माणसाला परत बोलवावं लागत नाही, हे काय कमी आहे?

मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, डिजिटलची रीतसर परीक्षाच झाली. अमेरिका आणि कॅनडातल्या ४९,५२८ स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येकीची फिल्म आणि डिजिटल अशी दोन्ही तपासणी केली गेली. एकूण गटात दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. पण पन्नाशीच्या आतल्या स्त्रिया, ज्यांचं स्तनांचं ऊतक दाट आहे अशा स्त्रिया, आणि पाळी अजून गेलेली नाही किंवा नुकतीच जाऊ लागली आहे अशा स्त्रिया, यांच्यात डिजिटल सरस ठरलं. मला हा निकाल फार आवडतो, कारण तो उगाच सगळीकडे ढोल बडवत नाही. दाट ऊतकही पांढरं, गाठही पांढरी. जिथं फिल्म हात टेकत होती नेमकं तिथंच डिजिटल पुढं गेलं.

सुंदर चित्रामागे लपलेली चूक

आता नाण्याची दुसरी बाजू. फिल्मचा एक गुण आम्ही ती गेल्यावर ओळखला: ती चुगली करायची. किरण जास्त झाले की फिल्म काळी, कमी झाले की पांढरी. टेक्निशियनची चूक सगळ्यांना दिसायची.

डिजिटलमध्ये संगणक चित्राचा उजळपणा स्वतःच सावरतो. किरण कमी पडले तर चित्रात वाळू सांडल्यासारखे दाणे दिसतात आणि माझ्यासारखी रेडिओलॉजिस्ट लगेच फोन करते की चित्र चांगलं नाही. किरण जास्त पडले तर? चित्र आणखी सुरेख, आणखी गुळगुळीत. कोणाचा फोन येत नाही. मग टेक्निशियन काय शिकणार? थोडे जास्तच दिलेले बरे, डॉक्टर खूश राहतात. असं करत करत गुपचूप डोस वाढत जातो. या प्रकाराला 'डोस क्रीप' म्हणतात आणि डिजिटल एक्स-रेच्या सुरुवातीच्या वर्षांत तो खूप ठिकाणी झाला. त्यात खरे गुन्हेगार आम्ही रेडिओलॉजिस्टच होतो. तक्रार फक्त एकाच दिशेनं करत होतो.

यावर उपाय म्हणून चित्राबरोबर एक आकडा येऊ लागला. ठरवलेल्या लक्ष्यापेक्षा डिटेक्टरवर किती किरण पोचले हे तो सांगतो. शून्य म्हणजे बरोबर. अधिक ३ म्हणजे दुप्पट. उणे ३ म्हणजे निम्मे. आकडा पडद्याच्या कोपऱ्यात असतो, पण तो बघायची सवय लावून घ्यावी लागते.

अशीच आणखी एक लबाडी म्हणजे कापाकापी. फिल्मवर किरणांचा झोत कुठवर पसरला होता ते कडांवरून दिसायचं. आता लहान मुलाच्या छातीचा एक्स-रे पोटासकट काढून, मग पडद्यावर पोटाचा भाग झाकून टाकला, तर माझ्यापर्यंत नेटकं चित्र येतं. पोटाला मिळालेले किरण मात्र कुठल्याही बटणानं परत घेता येत नाहीत.

शेजारी ठेवलेलं जुनं चित्र

रेडिओलॉजिस्टचा सगळ्यात आवडता शब्द कोणता असेल तर 'पूर्वीइतकंच'. फुप्फुसात ६ मिलिमीटरची छोटी गाठ दिसली. ती कशाची असेल? एका चित्रावरून खात्रीनं सांगता येत नाही. जुन्या संसर्गाचा व्रण असेल, आणखी काही असेल, कॅन्सरची सुरुवातही असू शकेल. पण दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन मिळाला आणि तीच भरीव गाठ तिथं तेवढीच दिसली, तर चिंता बहुतेक संपते. एक जुनं चित्र कित्येक नव्या तपासण्या आणि एका कुटुंबाच्या जागरणाच्या रात्री वाचवतं.

फिल्मच्या काळात ते जुनं चित्र मिळवणं हीच मोठी कामगिरी असायची. मोठमोठ्या पाकिटांनी भरलेली खोली, पाकिटावर नंबर, आणि नेमकी हवी ती फिल्म जागेवर नाही. सर्जननी ऑपरेशनला नेली, कोणी कॉन्फरन्ससाठी नेली, पेशंटनं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला नेली. फिल्म एकच, मागणारे दहा.

आता सगळी चित्रं 'पॅक्स' नावाच्या व्यवस्थेत जातात. पॅक्स म्हणजे चित्रांचं कोठार आणि टपालखातं एकत्र. मी नवा स्कॅन उघडला की जुना आपोआप शेजारी येऊन बसतो, दोन्ही एकाच पातळीवर जुळतात, एक सरकवला की दुसराही सरकतो. वॉर्डातले डॉक्टर, सर्जन आणि मी, तिघं एकाच वेळी तेच चित्र बघू शकतो.

इथं मोजमापाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण डोळा फसवतो. ८ मिलिमीटरची गाठ १० मिलिमीटरची झाली. ऐकायला दोनच मिलिमीटर. पण गाठ गोळ्यासारखी असते आणि गोळ्याचं आकारमान व्यासाच्या घनानुसार वाढतं. १० भागिले ८ म्हणजे १.२५, त्याचा घन १.९५. म्हणजे गाठ जवळजवळ दुप्पट झाली! फिल्मवर पट्टी ठेवून हे समजणं अवघड होतं. आज सॉफ्टवेअर गाठीची कड आखून आकारमान काढून देतं. कड बरोबर आखली आहे ना हे मात्र मी स्वतः तपासते. शेजारची रक्तवाहिनी गाठीत धरल्याचे प्रकार मी पुष्कळदा पाहिलेत.

चित्राची जन्मपत्रिका

हे सगळं चालतं ते 'डायकॉम' या मानकामुळे. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचं यंत्र आपल्याच बोलीत चित्र साठवायचं आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला ते कळायचं नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतली रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि यंत्रं बनवणाऱ्यांची संघटना एकत्र बसल्या. १९८५ मध्ये पहिलं मानक आलं आणि १९९३ मध्ये ते डायकॉम या नावानं, नेटवर्कवरून चालण्याजोगं झालं. आज जगभरातली इमेजिंग यंत्रं हीच भाषा बोलतात.

डायकॉम फाइलमध्ये आकड्यांच्या तक्त्याबरोबर एक जन्मपत्रिका असते: पेशंटचं नाव, ओळख क्रमांक, तारीख, यंत्राची माहिती, स्लाइसची जाडी, आणि एका चौकोनाची खरी लांबी-रुंदी किती मिलिमीटर. या शेवटच्या नोंदीमुळेच पडद्यावर मोजमाप करता येतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. दुसरं मत घ्यायचं असेल तर स्कॅनची डायकॉम फाइल द्या. मग ती सीडीवर असो, लिंकवर असो किंवा पेन ड्राइव्हवर. पडद्याचा किंवा फिल्मचा मोबाइलनं काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर ४,०९६ आकड्यांपैकी एका विंडोतलं दृश्य तेवढं उरतं, तेही दाबून लहान केलेलं. विंडो बदलता येत नाही, मोजता येत नाही, तीनशे स्लाइसपैकी दोन-चारच पोचतात. सुरुवातीच्या स्कॅनमधली ती रक्ताची पट्टी अशा फोटोत मला दिसली नसती.

जन्मपत्रिकेत चूक झाली की सगळं फिसकटतं, हेही अनुभवलंय. मी पूर्वी काम करत होते तिथं नावं हातानं टाइप व्हायची. एका बाईंच्या नावाचं स्पेलिंग दोन भेटींत दोन तऱ्हांनी पडलं आणि पॅक्सनं त्यांना दोन वेगळ्या व्यक्ती मानलं. जुना स्कॅन कोठारात असूनही मला दिसला नाही. मी रिपोर्टमध्ये 'नवीन गाठ, पुढील तपासणी करावी' असं लिहून मोकळी झाले. बाईंच्या मुलानं जुना रिपोर्ट आणून दाखवला तेव्हा कळलं, गाठ तीन वर्षांची जुनी होती आणि तिळभरही वाढली नव्हती. हल्ली रजिस्ट्रेशनच्या वेळचं नाव थेट यंत्रावर येतं, टेक्निशियन यादीतून निवडतो. एवढ्या साध्या बदलानं असले घोळ बरेच कमी झालेत.

स्लाइस जोडून, वजा करून

आकडे असल्यामुळे आणखी दोन गोष्टी जमतात. पहिली, तुकडे जोडून नव्या कोनातून बघणं. पाव कापल्यासारख्या आडव्या, एक-एक मिलिमीटरच्या स्लाइस घेतल्या की संगणक त्या रचून समोरून, बाजूनं, तिरका, हवा तसा छेद दाखवतो. मणका बाजूनं बघावा, महाधमनी तिच्या वळणाच्या पातळीत बघावी. फुप्फुसातला एक गोल ठिपका गाठ आहे की आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी, हे वरखाली सरकवलं की लगेच कळतं: गाठ दोन-चार स्लाइसमध्ये संपते, वाहिनी नळीसारखी पुढं जात राहते.

दुसरी, वजाबाकी. रक्तवाहिन्यांचा एक्स-रे काढताना आधी एक चित्र घ्यायचं, मग वाहिन्यांत कॉन्ट्रास्ट, म्हणजे किरण अडवणारा द्रव, सोडून दुसरं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की दोन्हींत सारखी असलेली हाडं नाहीशी होतात आणि नुसत्या रक्तवाहिन्यांचं झाड उरतं. मात्र मध्ये पेशंट हलला तर वजाबाकी चुकते आणि हाडांची भुतं दिसायला लागतात.

जास्त दिसतं, म्हणून जास्त बघावं लागतं

छातीच्या एका एक्स-रेमध्ये चित्रं एक किंवा दोन. एक-एक मिलिमीटरच्या स्लाइसच्या छातीच्या सीटीमध्ये तीनशेच्या वर. एक स्लाइस अर्ध्या मेगाबाइटची, म्हणजे एका तपासणीचे दीडशे मेगाबाइट. साठवायला हल्ली जागा मुबलक असते. डोळ्यांचं काय?

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक खट्याळ प्रयोग प्रसिद्ध केला. फुप्फुसांच्या सीटीमध्ये बारीक गाठी शोधायला २४ रेडिओलॉजिस्टांना बसवलं, आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घुसवलं. सरासरी गाठीच्या ४८ पट मोठा गोरिला! २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. त्यातल्या बहुतेकांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती, हे नजरेचा माग घेणाऱ्या यंत्रानं दाखवलं. ते लोक निष्काळजी होते असं मुळीच नाही. ते गाठी शोधत होते, आणि डोळा जे शोधतो तेच बघतो. मला हा प्रयोग आठवला की गाठ सापडल्यावरही मी स्कॅनमधून पुन्हा एक फेरी मारते. एक दोष सापडला की शोध संपल्याचं समाधान होतं आणि दुसरा दोष तिथंच राहून जातो. आमच्या धंद्यातला हा जुना सापळा आहे, डिजिटलनं तो काही मोडला नाही.

संगणकाची मदत, म्हणजे संशयास्पद जागेवर खूण करणारी सॉफ्टवेअर, इथंच कामाला येते. मॅमोग्राफीसाठी अशा पहिल्या यंत्रणेला अमेरिकेत १९९८ मध्ये परवानगी मिळाली होती, त्यामुळे ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. मला ती दमलेल्या डोळ्यांना आधार म्हणून आवडते. रात्री शंभर स्कॅन रांगेत असताना रक्तस्राव असलेला स्कॅन वर ढकलणारी यंत्रणा तर देवासारखी वाटते. पण खुणा फार झाल्या की माणूस त्यांच्याकडे बघणंच सोडतो.

पडद्याबद्दल थोडक्यात. रिपोर्टिंगचे मॉनिटर महाग असतात ते उगाच नाही. करड्या छटांच्या प्रत्येक पायरीतला फरक डोळ्याला सारखाच जाणवावा यासाठी डायकॉममध्येच एक आलेख ठरवलेला आहे आणि मॉनिटर त्यानुसार वेळोवेळी जुळवून घ्यावे लागतात. खोलीत प्रकाश मंद हवा. खिडकीचं प्रतिबिंब पडद्यावर पडत असेल तर सगळ्यात भारी मॉनिटरही फुकट.

आणि एक नुकसान, ज्याची मोजदाद कुठं होत नाही. पूर्वी फिल्म आमच्याकडे असायची, त्यामुळे डॉक्टर आमच्याकडे यायचे. व्ह्यूबॉक्ससमोर चौघं उभे राहून बोलायचे. "पेशंटला ताप आहे का हो?" "नाही, पण वजन उतरलंय." त्या एका वाक्यानं रिपोर्ट बदलायचा. आता सगळ्यांना आपापल्या पडद्यावर चित्र दिसतं, त्यामुळे कोणी येत नाही. मला मिळते ती मागणीच्या फॉर्मवरची एक ओळ: 'छाती दुखते'. मी फोन उचलून विचारते, पण प्रत्येक वेळी तेवढी सवड मिळतेच असं नाही.

त्या रात्री मात्र फोन केलाच. ड्यूटीवरच्या सर्जननी स्कॅन त्यांच्या पडद्यावर आधीच उघडला होता.

"मॅडम, मला तर नॉर्मल वाटतोय."

"विंडो जरा मोठी करा. दोनशेपर्यंत. आणि उजव्या बाजूला, कवटीच्या आतल्या कडेला बघा."

माउसचा आवाज. मग थोडा वेळ काहीच नाही.

"हो, आहे. वर येतो, दोघं मिळून मोजू या."

पाच मिनिटांत ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले होते.